चोकचा चटका

दोंडाईच्यात, मिरचीच्या वखारीमागं
इद्रीस पिंजारीचं ऑटो इलेक्ट्रिक.
तिथं बॉनेट उघडलं की
गाडीआधी माणसं शिंकतात.

माझी पद्मिनी चौऱ्याऐंशीची.
डॉक्टर गिरासेंनी दवाखाना आवरला तेव्हा घेतली,
फंडाच्या पैशातून,
सिंधूला न विचारता.

तिचं दुखणं असं :
घरून निघताना कण्हत कण्हत चालू,
शहाद्याकडं जाताना सारंगखेड्याच्या पुलावर
बरोबर मधोमध
एक उचकी,
दुसरी,
गप्प.
खाली तापी. मागं केळीचा ट्रक,
त्याचा हॉर्न तेवढा ठणठणीत.

एकतीस वर्षं मी टेलिफोनचा लाइनमन.
खांबावर चढून, कानाला रिसीव्हर लावून
कुठल्या शिवारात तार तुटली ते सांगायचो.
पण ह्या बारा व्होल्टनं मला दाद दिली नाही.

इद्रीसनं टेस्ट लॅम्प काढला,
इंडिकेटरचा बल्ब, दोन वायरी, एकीला खिळा.
बॅटरीशी पेटला. कॉइलशी पेटला.
"करंट ते यी राहिना," म्हणाला
आणि डिस्ट्रिब्युटरचं झाकण उचललं.
पॉइंट घासले, गॅप ब्लेडच्या पात्यानं मोजली.
कंडेन्सर बदलला.
कॉइल बदलली; किंमत ऐकून तापलो तो मी.
चारी प्लग काढून फडक्यावर मांडले,
जणू गाडीच्या दाढा.
त्याच्या पोरानं, भुऱ्यानं,
वायरचं टोक इंजिनाजवळ धरलं :
ठिणगी आली, पण पिवळट, मरतुकडी.
निळी पाहिजे, इद्रीस म्हणाला,
कडक निळी.

चैत्र गेला. वैशाखात नवी बॅटरी.
पूल तोच, उचकी तीच.
काढलेले पार्ट मी खोक्यात साठवत गेलो,
काहीच सिद्ध न झालेले आरोपी.

एक दिवस सिंधू बरोबर होती.
बाकावर बसून चहा पिता पिता,
कपाकडंच बघत म्हणाली,
सेल मारताना चोक ओढला
की दांडीचा चटका बसतो.

इद्रीसचा पाना थांबला.
"भाभी, हाई पहिले काबरं नही सांगं?"
"माले कोन इचारं?"

सांगितलं होतं तिनं.
दत्ताच्या यात्रेला निघताना, भर थंडीत,
बोटं फुंकत.
मी म्हणालो होतो, गाडी आहे ही,
फ्रीज नाही.

इद्रीस गोणपाटावर आडवा होऊन खाली सरकला.
गिअरबॉक्सपासून चासीपर्यंत तांब्याची चपटी वेणी असते.
तिच्या बोल्टाखाली डॉक्टरांच्या काळचा रंग,
रंगाखाली गंज,
आणि वेणी हिरवी, हात लावताच भुगा.
"अर्थ भेटी नही राहिना तिले,"
आवाज गाडीखालून आला.
करंट येतो तसा त्याला परतही जावं लागतं.
हमरस्ता बुजला, म्हणून तो बिचारा
चोकच्या बारीक तारेतून,
बांधावरून चालावं तसा,
घरी चालला होता.

हे मला कळायला हवं होतं.
एक्स्चेंजमागच्या खड्ड्यात
कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी
मी स्वतःच्या हातानं पुरली होती,
उन्हाळाभर रोज एक बादली पाणी घातलं होतं.

पत्रा पांढरा होईस्तोवर खरवडला.
नवी वेणी, वॉशर, बोल्ट.
कॉइलच्या किमतीत अशा दहा आल्या असत्या.
भुऱ्यानं वायर धरली.
टक्.
निळी.

परत निघालो तेव्हा गाडी सिंधू चालवत होती.
खोकं माझ्या मांडीवर.
पूल आला, मी श्वास धरला.
तापीला पाणी जेमतेम होतं,
म्हशी होत्या.
ऐन उन्हात चोकचं काही काम नसतं,
तरी तिनं दांडीवर बोटं टेकवली.
"गार आहे," म्हणाली.

मग शहादा येईपर्यंत
मी तिला विचारत राहिलो,
आणखी काय काय चटके देतं.